ज्याचा पगार, त्यानं कट्ट्यावर

निपाणीपासून फार लांब नसलेल्या त्या गावाला आपल्या एका रीतीचा भारी अभिमान होता. पाणी सोडणारा, देवळाचा पुजारी, स्मशानाची राखण करणारा अशा गावच्या माणसांचा वर्षाचा पगार पाडव्याला देवळाच्या मंडपात ठरायचा. ज्याचा पगार ठरायचा, त्यानं मात्र तेवढा वेळ मंडपात थांबायचं नाही. आत येऊन वर्षभर काय केलं ते सांगायचं, काय हवं ते मागायचं, आणि बाहेर पिंपळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं. माणूस समोर असला की भीड पडते, आणि भिडेनं ठरलेला पगार देणाऱ्याला गोड लागत नाही, घेणाऱ्यालाही नाही, असं जुनी माणसं सांगत.

बैठकीच्या अध्यक्षपदाचा मान गल्लीगल्लीला फिरत असे. यंदा तो खालच्या गल्लीला आला, आणि गल्लीत वयानं मोठे म्हणून जोतिबाआण्णांच्या गळ्यात पडला. आण्णांचा जन्म गावच्या वाचनालयात गेलेला. पुस्तकांशी त्यांचं जमे, माणसांपुढं मात्र त्यांच्या घशाला कोरड पडे. 'हे काम आपलं नव्हे' असं त्यांनी पंचायतीचे अध्यक्ष मारुतीराव यांना परत परत सांगून पाहिलं होतं.

मारुतीराव हसून म्हणाले होते, "आण्णा, यंदा तर तुमीच पायजे. आमदार येणार हायत. तुमच्या वाचनालयाच्या खोलीचं तुमच्याच तोंडावर जाहीर करू द्या की."

खोलीचं नाव निघालं आणि आण्णा कबूल झाले. वाचनालय इतकी वर्षं सोसायटीच्या खोलीत होतं. आता सोसायटीला ती खत ठेवायला हवी होती. पुस्तकं कुठं न्यायची, या काळजीनं आण्णांना जेवण जात नव्हतं. आमदार दौलतराव आपल्या निधीतून नवी खोली द्यायला तयार झाले होते. ते पाडव्याला येणार, बैठक बघणार आणि शेवटी खोली जाहीर करणार, असं ठरलं होतं.

पाडव्याला मंडप भरला. दौलतराव आले, हार-तुरे झाले, आणि ते आण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. पहिला विषय होता पाणी सोडणाऱ्या भावकूच्या पगाराचा. भावकूनं उन्हाळ्यात मोटर जळाली तेव्हा काय काय केलं ते सांगितलं, जरा लाजत वाढ मागितली आणि हात जोडून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला.

दौलतरावांना ते फारच आवडलं. न विचारताच ते उभे राहिले.

"वा! ह्याला म्हणायचं लोकशाही! ज्याचा पगार, त्यानं बाहेर बसायचं. साऱ्या कर्नाटकानं तुमच्याकडनं शिकलं पाहिजे, मंडळी!"

टाळ्या पडल्या. त्या विरतात न विरतात तोच बायकांच्या बाजूनं मालुबाई बोलली. ही आयुष्यभर विड्या वळलेली म्हातारी. विड्यांच्या मजुरीसाठी निपाणीत मोर्चे काढून काढून तिची भीड केव्हाच चेपली होती.

"मग साहेब, तुमी बी जावा की भाईर."

"मी? ते कशाला, आक्का?"

"तुमचा बी पगार वाढला न्हवं बंगळुरात? आमच्या नातवानं मोबाईलवर दावलं. तुमीच मागितला, तुमीच हात वर केला, आन् तुमीच घेतला म्हणं."

"हात न्हाय गं वर केला," ट्रॅक्टरवाला मष्णू मागून ओरडला. "नुसतं 'व्हय' म्हणाले. त्या गोंधळात कोण काय म्हणालं कुणाला ठावं!"

मंडप हसला. दौलतराव पण हसले, पण ते हसू ओठांच्याच कडेला राहिलं. मारुतीराव घाईघाईनं आण्णांच्या कानाशी वाकले.

"आण्णा, विषय तोडा. फुडचं नाव घ्या. तुमची खोली हाय, ध्येनात ठेवा."

आण्णांच्या ध्यानात दुसरं काही नव्हतंच. पुस्तकांची कपाटं त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. 'पुढचा विषय' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर दारातून कट्ट्यावर पाय हलवत बसलेला भावकू दिसला. तो मुकाट्यानं उठून गेला होता. मोठ्या माणसाला खुर्ची आणि भावकूला कट्टा, असं आज झालं तर ही रीत कसली? मग ती गरिबाला बाहेर काढायची नुसती एक युक्ती.

"विषय निघालाय," आण्णा म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की मागच्यांना ऐकू गेला नाही.

"मोठ्यानं बोला की आण्णा!" मष्णू म्हणाला. "पुस्तक वाचताय व्हय मनातल्या मनात?"

आण्णा खुर्चीतून उठले. "विषय निघालाय, तर रीत सगळ्यांस्नी एकच. साहेब, रागावू नका. जरा कट्ट्यावर बसा."

दौलतरावांनी आण्णांकडं बघितलं. आत्ताच मारलेलं भाषण त्यांना आता गिळताही येईना. ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि बाहेर गेले. भावकू दचकून उभा राहू लागला, तर त्याला खांदा दाबून खाली बसवलं आणि स्वतः शेजारी टेकले. त्यांच्या बंदूकवाल्या पोलिसाला मात्र आत थांबावं की बाहेर जावं हे कळेना. तो उंबऱ्यावरच उभा राहिला.

आत एकच गलका झाला.

"निम्मा करा निम्मा!" मष्णू म्हणाला. "गाडी, भत्ता, सगळंच मिळतंय. वर पगार आनिक कशाला?"

"गप रं," मालुबाईनं त्याच्यावरच डोळे वटारले. "पगार नगं म्हटलास तर आमदार कोण व्हईल? ज्याच्या घरात आधीच भरून हाय तो. फुकट राबणारा गडी लई म्हाग पडतो, बाबा. माझी सून आमदार झाली तर काय खाईल?"

"मग तू त्यांस्नी भाईर का घालवलंस?" मष्णूनं विचारलं.

"मजुरी वाढवून घेताना आमी मालकाच्या दारात उनात बसलो. त्यांनी सावलीत तरी बसावं की घटकाभर!"

हसण्याची लाट ओसरल्यावर सगळे आण्णांकडं बघू लागले. हा माणूस वाचतो, तर सांगेल, असं त्यांना वाटलं. आण्णांना मात्र आपल्याला किती कमी ठाऊक आहे हेच आठवत होतं.

"मला कळतंय तेवढं सांगतो," ते म्हणाले. "चुकलं तर सांभाळून घ्या. आमदारांचा पगार विधानसभेनं कायदा करून ठरवायचा, असं घटनेतच हाय. म्हणजे त्यांनी काय चोरी केली न्हाय. पण काही देशांत हे काम दुसऱ्याच माणसांकडं दिलंय. आपल्याकडं बी देता येईल. पगार चांगला असावा. फक्त तो दुसऱ्यानं ठरवावा, आणि उघड चर्चा करून ठरवावा. मला वाटतं, एवढंच आपण साहेबांना सांगावं."

मंडपानं माना डोलावल्या. मष्णूनंसुद्धा.

रीतीप्रमाणं अध्यक्षानं स्वतः बाहेर जाऊन माणसाला आत बोलवायचं असतं. आण्णा कट्ट्यापाशी गेले आणि आत झालेला ठराव जसाच्या तसा सांगितला. दौलतरावांनी तो ऐकला. बहुतेक सगळं त्यांना आधीच ऐकू आलं होतं.

"तुमचं बरं हाय, आण्णा," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता भाषणाचा नव्हता. "एक भावकू बाहेर गेला तर मंडप भरलेला ऱ्हातो. तिथं आमी सगळेच बाहेर गेलो, तर आत कोण उरलं?"

आण्णांना उत्तर शोधावं लागलं नाही. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"आमी ऱ्हातो की, साहेब."

दारात दाटलेली माणसं हे ऐकत होती. कुणी टाळी वाजवली नाही. पण सगळ्यांचे खांदे एकदम सरळ झाल्यासारखे वाटले. मालुबाईनं पदर खोचला. दौलतरावांनी आण्णांना नमस्कार केला, तो नेहमीपेक्षा थोडा खाली वाकून, आणि गाडीकडं निघाले.

मारुतीराव मागं धावले. "साहेब, ते खोलीचं जाहीर करायचं ऱ्हायलं..."

"बघू," दौलतराव म्हणाले आणि गाडी गेली.

'बघू'चा अर्थ गावात लहान मुलालाही कळतो. मारुतीरावांनी कपाळाला हात लावला. "घालवलीसा का न्हाय खोली, आण्णा?"

"गेली असंल," आण्णा म्हणाले. आजवर अशा वेळी ते खाली मान घालून घराची वाट धरत. आज मान खाली जाईना.

तेवढ्यात मष्णू जवळ आला. वाचनालयाची पायरी त्यानं कधी चढली नव्हती.

"आण्णा, ते दुसऱ्या देशातलं म्हणालासा, ते कुठल्या पुस्तकात हाय? कानडीत हाय का मराठीत?"

"दोन्हीत हाय. सकाळी ये. सोसायटी खोलीला कुलूप लावंस्तोवर वाचनालय उघडं ऱ्हाणार."

"आन् लावल्यावर?"

"लावल्यावर ह्या मंडपात," आण्णा म्हणाले. ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की मारुतीरावांनी वळून बघितलं. "मंडप गावाचाच हाय. चल आता आत. भावकूचा पगार ठरायचा हाय अजून."