भारतमातांची रांग

डोळे मिटा पाहू. मुलुंडचा एक मोठा मॉल नजरेसमोर आणा. पंधरा ऑगस्टची सकाळ. खांबाखांबाला तिरंगी फुगे, सरकत्या जिन्याला झेंडूच्या माळा आणि मधल्या चौकात वेशभूषा स्पर्धेचा मंच. आता मंचाशेजारची मुलांची रांग बघा. हसू आलं ना? यायलाच हवं. दोन सैनिक आणि एक मोर सोडला, तर रांगेत सगळ्या भारतमाता!

त्याचं असं झालं, की वेशभूषेचे कपडे भाड्याने देणारं दुकान जवळपास एकच. म्हणून साडी तीच, सोनेरी मुकुट तोच आणि कमरेपर्यंत रुळणारा केसांचा टोपही तोच.

यातलीच एक चौथीतली ऋतिका. गेल्या वर्षी ती अर्धं भाषण विसरून रडत खाली उतरली होती. यंदा शेवटच्या वाक्यापर्यंत बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं.

"मान ताठ ठेव गो, मुकुट पडतलो!" शेजारी उभे असलेले तिचे लवूआजोबा म्हणाले.

"आजोबा, बोलू नका ना! मी विसरेन."

इतक्यात तिचा पदर कोणीतरी ओढला. खाली एक चिमुकली भारतमाता नाक पुसत उभी होती.

"माझी आई हरवली."

"नाव काय तुझं?"

"जान्हवी."

"आणि आईचं?"

"आई."

ऋतिकाने सूत्रसंचालन करणाऱ्या अस्मिताताईला सांगितलं, पण घाईत नाव सांगायचं राहूनच गेलं. ताईने लगेच माइकवरून पुकारलं, "एक लहान मुलगी हरवली आहे. भारतमातेच्या वेशात आहे. पालकांनी मंचाजवळ यावं."

झालं! वाट लागली! मॉलभरच्या आया रांगेकडे धावल्या. जिला जी भारतमाता सापडली, तिने ती कवटाळली. एका काकूंनी तर एकीचे पटापट मुकेच घेतले.

"काकू, मी मिहिर आहे!" भारतमाता किंचाळली.

त्या गोंधळाला घाबरून जान्हवी ऋतिकाच्या मागे दडली. आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं गेलं, "ऋतिका! तुझ्याकडे एक मिनिट."

"जा गो, हिका मी सांभाळतंय," आजोबा म्हणाले. पण जान्हवी पदर सोडेना. शेवटी दोघी मंचावर चढल्या.

"मी भारतमाता," ऋतिकाने सुरुवात केली. "माझ्या लेकरांनो…"

शेजारून मोठा हुंदका आला. ऋतिका थांबली. समोर एवढी माणसं बघत होती, तरी जान्हवीला कोणी ओळखत नव्हतं. ओळखणार कसं? मुकुट, टोप आणि लालीखाली जान्हवी दिसत होती कुठे?

ऋतिकाने माइक खाली ठेवला. जान्हवीचा मुकुट काढला, टोप काढला, पदराने गाल पुसले. डोक्यावर नारळाच्या झाडासारख्या उभ्या दोन शेंड्या निघाल्या. मग तिला कडेवर घेऊन ऋतिका ओरडली, "ही कोणाची?"

"अगं बाई, माझी जानू!" गर्दीतून एक बाई वाट काढत धावली. काय टाळ्या पडल्या म्हणता!

आणि त्या टाळ्यांतच मिनिट संपल्याची घंटा वाजली.

"वेळ संपली गं बाळा," अस्मिताताई हळूच म्हणाली.

ऋतिका आता रडणार, असं सगळ्यांना वाटलं. आजोबा तिला जवळ घ्यायला पुढे सरसावले. पण ती काही रडली नाही. ती मंचावरून उतरली, मुकुट घट्ट बसवला आणि थेट रांगेच्या टोकाला, मोराच्या पिसाऱ्यामागे जाऊन उभी राहिली.