आवाज म्हातारा कुणी केला?

मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर ज्यांच्या तोंडाला पाणी सुटलं त्यांनी ते गिळावं, कारण माझ्यात खाण्यासारखं काही नाही. मला साउंड कार्ड म्हणतात. माईक आणि कॉम्प्युटर यांच्या मधोमध मी बसतो. माईकमधून आलेल्या आवाजाचे बारीक तुकडे करतो आणि कॉम्प्युटरला देतो. कुणाला परत ऐकायचं असेल, तर तेच तुकडे जोडून हेडफोनला देतो. थोडक्यात, मी मध्यस्थ आहे. भांडणात मध्यस्थाला दोन्हीकडून मार पडतो, हे तुम्ही शाळेत पाहिलंच असेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्यात एक शिट्टी सोडली, दुसऱ्या टोकाला कान लावून ती ऐकली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. माझ्यावर इतक्या पटकन विश्वास पुन्हा कुणी ठेवला नाही.

तिथून मी आमच्या बाईंकडे आलो. फोन लावल्यावर गोड आवाजात "सर्व मार्ग व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं सांगून ज्या तुम्हाला वाटेला लावतात ना, त्या आमच्या बाई. त्या रेकॉर्डिंग करतात कपड्यांच्या कपाटात. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. नवऱ्याच्या शर्टांमध्ये उभ्या राहून, दार ओढून घेऊन त्या अनोळखी माणसांना धीर देतात. मी बाहेर स्टुलावर असतो. अशी बरीच वर्षं सुखात गेली. पाहुणे आले की बाई मला दाखवून म्हणायच्या, "याच्याइतकं खरं बोलणारं घरात दुसरं कुणी नाही."

बाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. माणूस लाखात एक, पण मोठा आकडा दिसला की हुरळून जातो. घरात माणसं दोन, आणि यांनी कुकर आणला बारा जणांचा. दुकानात चष्म्याच्या नंबराचा आकडा वाढला की गिऱ्हाईक रडतं, हे रोज बघूनसुद्धा त्यांच्यात काही सुधारणा नाही.

एके दिवशी टेलिफोन कंपनीच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. का हो?"

"नाही, म्हणजे परवाचं रेकॉर्डिंग जरा... दमल्यासारखं वाटतंय. वयस्कर."

बाईंनी हेडफोन लावून तेच रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज नेहमीसारखाच होता. दुसरं पाठवलं, तिसरं पाठवलं. साहेबांचं उत्तर तेच. शेवटी ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत एक नमुना बघू. नाही जमलं, तर आम्ही मशीनचा आवाज घेतो. वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटण्यासारखं बोलून झालं की लोक हे वाक्य हमखास जोडतात.

मित्रांनो, त्या घरात मग संशयाचं राज्य सुरू झालं. बाईंना वाटलं, साहेबांना आपल्याला काढायचंच आहे, हे सगळे बहाणे. थोड्या वेळाने वाटलं, घसाच गेला असेल. त्यांनी टॉर्च लावून आरशात घसा बघितला. घसा निर्दोष सुटला. मग सॉफ्टवेअरची झडती झाली. त्यात आवाजाचा वेग कमी-जास्त करायची एक पट्टी असते, ती बरोबर मधोमध होती. वायर बदलून झाली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या.

"मी सांगतो, हा डबाच गेलाय," चष्मेवाले म्हणाले. "जुना झालाय. भंगारात देऊ आणि मोठ्या आकड्याचा नवीन आणू."

माझाही कुणावर विश्वास उरला नव्हता. हेडफोन तर मला पहिल्यापासून पटलेला नाही. दिवसभर लोकांच्या कानाला लागून असतो. माईक कपाटात दार लावून नेमकं काय करतो, कोण जाणे. रात्रीपर्यंत मी भंगारात असणार आणि बाईंचं काम मशीनकडे, एवढं मात्र मला कळून चुकलं.

तेवढ्यात चष्मेवाल्यांची बहीण आली. ती पोहायला शिकवते, त्यामुळे घरातही ती तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं बोलते.

"वन्सं, खरं सांगा," बाई म्हणाल्या, "माझा आवाज म्हातारा झालाय का?" आणि त्यांनी ते रेकॉर्डिंग तिच्या फोनवर पाठवलं.

तिने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच लावलं. "वहिनी, हे झोपेत बोललीस की काय? का तुझ्या आईकडून बोलवून घेतलंस?"

बाई धावत आल्या. फोनमधून खरोखरच एक जाडसर, दमलेल्या आवाजाची बाई लोकांना थांबायला सांगत होती. बाई परत खोलीत गेल्या, हेडफोन लावला. तरुण आवाज. पुन्हा स्वयंपाकघर. म्हातारा आवाज.

"तुझा फोन बिघडलाय," चष्मेवाले बहिणीला म्हणाले.

"नवा कोरा आहे, दादा."

"नव्याचं काय कौतुक? नवंही बिघडतं."

हेच तत्त्व त्यांना मघाशी सुचलं असतं, तर माझे किती हाल वाचले असते!

मग बाईंनी हेडफोनची पिन काढून मला स्पीकर जोडला. एकीकडे माझ्यातून आणि दुसरीकडे फोनवरून, तेच रेकॉर्डिंग एकाच क्षणी सुरू केलं. पहिला शब्द बरोबर पडला. नंतर फोनवाली बाई मागे पडत गेली. मी "धन्यवाद" म्हणून मोकळा झालो, तेव्हा ती अजून थोड्या वेळाने प्रयत्न करायला सांगत होती.

"आवाज नाही, वेग बदललाय," बाई म्हणाल्या. "कॉम्प्युटरच्या सेटिंगला हात कुणी लावला?"

वन्संनी दादांकडे बघितलं. दादांनी पंख्याकडे बघितलं.

"मी काही केलेलं नाही," ते म्हणाले. "फक्त आकडा मोठा केला."

"कसला आकडा?"

"डब्याच्या नावापुढे चव्वेचाळीस हजार शंभर लिहिलं होतं. खाली अठ्ठेचाळीस हजारही मिळत होते. म्हटलं, सोडायचे कशाला?"

"अहो, पण कधी?"

"तुझ्या वाढदिवसाला," चष्मेवाले पुटपुटले. "भेट म्हणून. आवाज आणखी छान होईल, तुला कळेल आणि तू विचारशील, असं वाटलं होतं."

हे ऐकून वन्संसुद्धा हळू आवाजात "अरे दादा" म्हणाल्या.

मित्रांनो, घडलं होतं ते असं. मी सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार तुकडे देऊ लागलो. सॉफ्टवेअरला हे कुणी कळवलंच नाही. ते बिचारं चव्वेचाळीस हजार शंभर समजून मांडत राहिलं. त्यामुळे एका सेकंदाचा माल सेकंदाबाहेर सांडला आणि आवाज संथ व जाड झाला. घरी मात्र ऐकवणाराही मीच. ज्या घाईने घेतलं, त्याच घाईने परत दिलं, म्हणून चूक झाकली गेली. मी खोटं बोललो नाही, पण माझ्या खरेपणाचा उपयोगही झाला नाही.

बाईंनी आकडा पूर्ववत केला, माझी वायर काढून परत लावली. जुनी रेकॉर्डिंगही वाया गेली नाहीत. सॉफ्टवेअरला खरा आकडा सांगताच ती पुन्हा तरुण झाली. या वेळी बाईंनी नमुना आधी फोनवर ऐकला आणि मगच पाठवला.

लगेच साहेबांचा फोन. "मॅडम, हा आवाज एकदम तरुण झाला. इतक्या लवकर? हे मशीनचं तर नाही ना?"

बाईंनी डोळे मिटले. मग कपाटात न जाता, भर खोलीत, साहेबांना जे काही ऐकवलं ते ऐकून वन्संनी टाळ्या वाजवल्या.

"पटलं, पटलं," साहेब घाईघाईने म्हणाले. "मशीन इतकं चिडत नाही. काम तुमच्याकडेच."

चष्मेवाले दाराशी उभे होते. बाई त्यांना म्हणाल्या, "पुढच्या वाढदिवसाला साडी आणा. एकच आणा." आणि हसल्या.

तर मित्रांनो, वस्तू बिघडली की ती जुनी आहे म्हणून तिला भंगारात काढू नका. आधी दुसऱ्या यंत्रावर पडताळून बघा, आणि तिला शेवटचा हात कुणी लावला ते विचारा. विचारताना आवाज चढवू नका, त्या हाताला बहुधा भलंच करायचं असतं. आम्हा जुन्या डब्यांवरची धूळ अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा.

माझी धूळ हल्ली चष्मेवाले स्वतः पुसतात. फार प्रेमाने पुसतात. पण पुसताना माझ्या आवाज वाढवायच्या बटणावरचा 'दहा' हा आकडा ते चष्मा काढून, जवळ येऊन वाचतात. कुणीतरी जरा इकडे लक्ष ठेवा.