माळ्यावरची फळी

माझा नवरा काशीराम मुंबईत सहा वर्षं फर्निचरच्या कारखान्यात होता. तिथे तो जडावकाम शिकला. काळ्या शिसवात फणसाच्या पिवळ्या लाकडाची वेल तो अशी बसवतो की सांधा नखालाही लागत नाही. चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला, बोटीवरची नोकरी सोडून रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी परतलेल्या रावजी मयेकरांनी त्याला एक साहेबी धाटणीचं बाक सांगितलं. चित्रही दिलं. गोऱ्यांच्या काळातल्या तसल्या सामानाची म्हणे पुन्हा फॅशन आली होती.

नवं फणसाचं लाकूड आकसतं आणि नक्षी सुटते. म्हणून काशीराम माळ्यावर चढला आणि हळदीसारखी पिवळी, जुनी फळी घेऊन उतरला. म्हणाला, आप्पांनी काय माल जपलाय बघ. आप्पा म्हणजे माझे सासरे, तेव्हा वारून चार वर्षं झाली होती. फळी मी बघताक्षणी ओळखली.

ती आप्पांनी नव्हे, मी ठेवली होती. त्याच्या नऊ वर्षं आधी आप्पांनी गावाची नवी पालखी केली, तेव्हा हा मुंबईला होता. जुन्या पालखीचं लाकूड खाडीत सोडायचं काम मला सांगितलं. बाकीचं सोडलं, पण ही फळी टाकायला जीव धजेना. मी मुद्दाम भरतीच्या पाण्यात टाकली. अर्थातच ती परत आली. मग देवीलाच जायचं नसेल अशी स्वतःची समजूत घातली आणि आप्पांच्या लाकडात ती सरकवून ठेवली. लबाड बाई मी, दुसरं काय.

तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे आणि त्याचा चेहरा बघून गप्प बसायचे. वीस दिवस तो जेवायची शुद्ध नसल्यासारखा वेल कोरत होता. पालखीवर चांदीचा पत्रा ठोकलेल्या खिळ्यांची सात भोकं फळीत एका ओळीत होती. कुठल्या तरी जुन्या दाराची असतील म्हणाला. तेवढा पट्टा त्याने वेलीचा दांडा म्हणून अखंड बसवला आणि भोकांत शिसवाच्या खुंट्या मारून फळं केली.

बाक रावजींच्या पडवीत गेलं. त्याला कोण टेकून बसत असेल, हा विचार डोक्यातून जाईना. त्याहून धास्ती शिमग्याची होती. पालखीच्या दुरुस्तीचा मान आमच्या घराकडे तीन पिढ्या होता. देवीचं लाकूड बाकाला विकलं म्हटल्यावर गाव तो ठेवणार होतं थोडाच.

शिमग्यात पालखी घरोघरी फिरत रावजींकडे आली. त्यांनी हौसेने ती नव्या बाकावरच टेकवून घेतली. दादू गुरव पुढे झाला. जुन्या पालखीचा पत्रा त्याने तीस वर्षं घासलेला. त्याचं बोट वेलीच्या फळांवरून सरकत गेलं आणि सातव्यावर थांबलं. त्याने हात वर करून ढोल बंद करायला लावले.

"काशीराम, ही फळी कुठची रे?"

"आप्पांनी ठेवलेली. माळ्यावर व्हती."

"पालखीवर हात ठेवून सांग."

काशीरामला वाईट वाटलेलं दिसलं, पण तो निर्धास्त होता. त्याने हात पुढे केला. देवीसमोर तो खोटं बोलणार होता आणि ते त्याला माहीतच नव्हतं. मी बायकांतून कधी पुढे गेले, मला कळलं नाही.

"हात नका ठेवू," मी म्हटलं. "फळी मी ठेवलेली हाय. खाडीतून परत आणून."

कुणी ओरडलं नाही. दादूने एवढंच सांगितलं, मान घराचा राहील, पण फळी आजच जायला हवी. रावजी मान खाली घालून उभे राहिले. काशीरामने पटाशी आणली आणि वीस दिवसांची वेल तासाभरात उचकटली. एक पानसुद्धा मोडू दिलं नाही. सगळे तुकडे त्याने माझ्या ओटीत घातले.

ओहोटी लागेपर्यंत मी खाडीवर उभी होते, मग तुकडे पाण्यात सोडले. एकही तुकडा परत आला नाही.

घरी आले तर काशीराम माळा रिकामा करत होता. आप्पांनी ठेवलेली एकेक फळी माझ्यासमोर धरून तो विचारू लागला, "ही कुठची?"