बिनखुणेच्या दोन नळ्या

या मायबापहो, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात तर डोळा लागेल. आणि ही गोष्ट आहे अंधेरीतल्या एका गाळ्यातल्या, बोटाएवढ्या दोन काचनळ्यांची. दुरून दिसायची नाही.

त्या नळ्या हातात धरून सुगंधाताई उभ्या होत्या. नळी स्पिरिटच्या फडक्याने पुसायची, मगच कामाला घ्यायची, हा बियाण्यांच्या प्रयोगशाळेतला त्यांचा बावीस वर्षांचा नेम. पण आज फडकं निळं झालं होतं. पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहायचं सोडून घाईत काचेवरच मार्करने लिहिलेली नावं फडक्यावर उतरली होती.

"देवा म्हाराजा! ह्यातली धोंडिरामाची खयची?"

एका नळीत साध्या वांग्याचं इवलं रोप होतं, तुलनेसाठी ठेवलेलं. दुसरीत धोंडिरामचं.

धोंडिराम गच्चीवरच्या जाळीत झाडं सांभाळायचा. साध्या वांग्याच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने खुडायचा आणि तिला रानवांग्याचे पराग लावायचा. होणारं रोप रानवांग्यासारखं चिवट व्हावं, मर रोगाने वाळू नये, एवढ्यासाठी. पण असलं बी फळात पोसत नाही, आतल्या आत सुकतं. म्हणून कोवळंच फळ चिरून, भिंगाखाली सुईने आतला गर्भ काढायचा, टाचणीच्या डोक्याहून लहान, आणि नळीतल्या साखरेच्या जेलीवर अलगद निजवायचा. ते काम ताईंचं.

"लग्न मी लावतो, बाळंतपण तुम्ही करा," धोंडिराम म्हणायचा. "बारशाला मात्र दोघांनी जेवायचं, काय?"

गेल्या महिन्यात तो गेला. त्याने पराग लावून पिशवी बांधलेल्या शेवटच्या फळातला हा एकच गर्भ जगला होता.

पेन्सिल समोरच होती. अंदाजाने लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? डावीतलं जरा बुटकं, तेच त्याचं असेल. की उजवीतलं? ते जास्त हिरवं आहे. ताईंनी पेन्सिल उचलली, परत ठेवली. शेवटी त्या दोन्ही नळ्या घेऊन साहेबांसमोर गेल्या.

"सर, वाट लावली मी."

देवव्रत सर ताईंच्या लेकाच्या वयाचे. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, बिननावाची नळी कचऱ्यात. हा नियम तुम्हीच शिकवलात ना मला?"

"शिकवला. पण पानं तर मोठी होऊ द्या. रानवांग्याच्या पानाला काटे असतात, आपल्या ह्या वांग्याच्या पानाला नाहीत. दिसेलच की."

"आणि नाही दिसले तर?"

"मग मीच टाकीन. माझ्या हाताने."

सरांनी डोकं खाजवलं. "एक महिना. बस."

महिन्यात एक रोप कुंडीत लावताच मान टाकून मेलं. कुठलं, कोण सांगणार? दुसऱ्याला चार पानं आली. ताईंनी पानाच्या शिरेवरून बोट फिरवलं. काहीतरी टोचलं. की स्पिरिटने खरखरीत झालेलं आपलंच बोट?

"सर, काटा आहे का हो?"

सरांनीही बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा.

"आहे वाटतं... का नाही? मलाही कळेना, ताई."

कचऱ्याचा डबा पायाशीच होता. सर पेन्सिल शोधत राहिले. सापडली तेव्हा कुंडीच्या पट्टीवर त्यांनी लिहिलं, 'धोंडिराम', आणि पुढे बारीक अक्षरात, 'बहुतेक'.

त्या झाडाला काय लागेल ते देव जाणे. पण मायबापहो, उद्या वांगं चिरताना देठाचा काटा बोटात गेला, तर चिडू नका. घटकाभर धोंडिरामची आठवण काढा.