तीन भाकऱ्यांची साक्ष

मी एक जुना जर्मनचा डबा आहे. मित्रांनो, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. माझे झाकण वाकडे आहे. गोष्ट तरी सरळ सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

दौंडच्या बाजारातून बानूबाईंनी मला आणले, तेव्हा मी चकचकीत होतो. मेंढरांमागे आम्ही रानोमाळ हिंडलो. पुढे बानूबाई न्हावरे गावात स्थिरावल्या. गाय घ्यायची म्हणून त्यांनी सगळी मेंढरे भिमाजी व्यापाऱ्याला विकली. त्याने पैसे देण्याची चिठ्ठी लिहून दिली, पैसे मात्र दिले नाहीत. शेवटी बानूबाईंनी शिरूरच्या कोर्टात दावा लावला.

मग सुरू झाल्या तारखा. कधी भिमाजीच्या वकिलांना परगावी काम निघे, कधी त्याचा कागद सापडत नसे. आम्ही एसटीने जायचो, तसेच परतायचो. दुपारी लिंबाखाली बानूबाई मला उघडत. शेजारी कोणी उपाशी असताना एकट्याने खायचे नाही, ही मेंढक्यांची रीत. आणि शेजारी नेमका भिमाजी असे!

"ये, खा. भांडण कोर्टात हाय, भाकरीत न्हाई."

"ठेचा झकास हाय, मावशी!"

"पैसं दे, मग पाटा-वरवंटाबी देते."

अकराव्या तारखेला भिमाजीच्या वकिलांनी त्याला कोर्टाबाहेर लपायला सांगितले होते. पण भूक लागताच तो लिंबाखाली आलाच.

जेवणानंतर पुकारा झाला. वकील म्हणाले, "अशील तापाने अंथरुणावर आहेत. पुढची तारीख मिळावी."

बानूबाई मला घेऊन न्यायाधीशांसमोर उभ्या राहिल्या. "सायेब, त्यो लिंबाखाली हाय. आत्ताच तीन भाकरी खाल्ल्या त्यानं. खरंच ताप असता, तर एखादी मला तरी मिळाली असती!"

साहेबांनी मला उघडायला लावले. आत नुसता ठेच्याचा डाग! सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मी लाजून चूर झालो. साहेबही हसले. शिपायाने हाक मारली, तसा भिमाजी मिशा पुसत आत आला.

"चुकलं, सायेब. मावशीचं देणं हाय माझ्याकडं."

सहा हप्ते ठरले. शेवटचा द्यायला तो आला, तेव्हा दारात गाय बांधलेली होती. त्याने माझ्यात पेढे ओतले. बानूबाईंनी आधी विचारले, "जेवलास का?"

आता मी गोठ्यात गाईची पेंड मोजतो. मित्रांनो, घरातला जुना डबा भंगारात देऊ नका. आणि उघडाल तेव्हा शेजारी कोण उपाशी आहे, तेवढे बघा. मग तो भिमाजी का असेना.