लपवलेले भिंग

जरा सावकाश सांगतो, मित्रांनो. मी एक जुना स्मार्टफोन आहे आणि माझी बॅटरी हल्ली दुपारच्या पुढे जात नाही. काचेला वरच्या कोपऱ्यातून तडा गेला आहे, पाठीवरचे झाकण रबर लावून धरले आहे. सहा वर्षे म्हणजे तुमच्या लेखी काहीच नाही. आमच्यात सहा वर्षांचा फोन म्हणजे पिकले पान. तरी माझ्यावर एक आळ आला होता, त्याची हकिकत सांगितल्याशिवाय मला कायमचे बंद व्हायचे नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका तिथे ओळीने बसून माझ्यासारखे शेकडो फोन जोडत. माझी काच बसवणाऱ्या बाईने मला एकदाच उजेडात तिरके धरून पाहिले, मान डोलावली आणि पुढे सरकवले. ते माझे पहिले कौतुक. पुढे एका मुलीने नोकरी लागल्यावर मला विकत घेतले. तीन वर्षे मी तिची गाणी वाजवली, तिच्या लग्नाचे फोटो काढले. मग तिला नवा फोन मिळाला आणि मी तिच्या बाबांकडे आलो. कपडे थोरल्याकडून धाकट्याकडे जातात. मी उलटा, लेकीकडून बापाकडे गेलो.

हे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. साऱ्या इमारतींत त्यांना लिफ्टवाले काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. त्यांच्या ताब्यातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर एक पट्टी चिकटवलेली होती: अडकल्यास फोन करा. खाली नंबर माझा. सांगायला हरकत नाही, मित्रांनो, त्या पट्टीचा मला गर्व होता.

काकांच्या कामाचे दोन नियम होते. एक, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग लिफ्ट वरखाली फिरवून पाहायची, मगच दुसऱ्या गोष्टीला हात लावायचा. आणि दुसरा नियम म्हणजे एक प्रश्न. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत शिरले की ते आधी विचारत, "बिघाडाच्या आधी काय बदललं?" लोक म्हणत, "काहीच नाही." त्यावर काका हसत आणि म्हणत, "काहीच नाही असं कधीच नसतं." मग हळूच कळे की कोणीतरी तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवले होते, नाहीतर कोणाच्या बाळाने दाराच्या फटीत चमचा घातला होता. काकांच्या खिशात एक वही असे. तिच्यात प्रत्येक कामाला 'काय बदलले' असा रकाना होता. तो कधी रिकामा सोडलेला मी पाहिला नाही.

दीड वर्ष आमचे छान जमले. मी उजेड दाखवायचो, फोटो काढून ठेवायचो, तक्रारी घ्यायचो. काका काकूंना म्हणत, "हा माझा तिसरा हात आहे." काकू म्हणत, "मग तिसऱ्या हाताने एखाद दिवशी भांडी घासा." असे दिवस होते.

मग एका दुपारी शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिथे, काका तारांच्या टोकांवरचे आकडे वाचत होते आणि थांबले. पुन्हा वाचले. डोळे चोळले. चष्मा पुसला. मग बाहेर येऊन हत्यारांच्या पेटीवर बसले आणि वहीत काहीतरी लिहिले. त्यानंतर मला नाकाजवळ धरून त्यांनी एक ॲप उतरवून घेतले. त्याचे नाव भिंग. पडद्यावर एक गोल तरंगत राही. बोटाने तो सरकवला की खालचे अक्षर लिंबाएवढे दिसे. कॅमेऱ्यातून तारांवरचे आकडेही त्यात मोठे होत.

मित्रांनो, माझ्यातच अक्षरे मोठी करण्याची सोय जन्मापासून आहे. पण ती वापरली असती तर खोलीच्या त्या टोकावरून काकूंनाही कळले असते. भिंग बोटाच्या एका झटक्यात लपत होते. काकांनी त्याचे चिन्ह एका कोपऱ्यात दडवले. झाकली मूठ सव्वा लाखाची! डोळे गेले म्हटले की शाफ्ट गेला, आणि शाफ्ट गेला की लिफ्टवाले काका उरतात कुठे, ही त्यांची भीती. मला ती कळत होती. रोज त्यांचा अंगठा माझ्यावर फिरे, आणि अंगठ्याला खोटे बोलता येत नाही.

वर्षभर भिंग आणि मी गुण्यागोविंदाने राहिलो. मग माझ्यासाठी नवे अपडेट आले. काकांनी 'होय' दाबले, मी अर्धा तास झोपलो आणि उठलो तो बदललेला. फोन आला की त्याचा पडदा सगळ्यांच्या वर दाखवायचा, असा मला आता कडक हुकूम होता. भिंगाचाही हट्ट तोच: मी सगळ्यांच्या वर. दोघे एकाच पाटावर बसायला धावले की माझे डोके भणभणे, पडदा काळा होई आणि मी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. त्यात तीन मिनिटे जात. ज्याने फोन केला त्याला वाटे, काकांनी कापला.

मला सारे कळत होते, पण सांगणार कसे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरे काय!

आता उपचार सुरू झाले. लेकीने येऊन निम्मे फोटो उडवले. जावयाने सिमकार्ड काढून, फुंकर मारून परत घातले. शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून माझे कव्हर काढले, आणि शेजाऱ्यांनीच सांगितले म्हणून पुन्हा घातले. हे सगळे एकाच संध्याकाळी! लिफ्टच्या एका स्क्रूला दुसऱ्याला हात लावू न देणारे काका बाजूला बसून बघत होते. "यातलं आपल्याला काय कळतंय?" असे म्हणत होते.

काकांनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकान कसले, जिन्याखालची एक टपरीच. पण तिथली दुरुस्तीवाली मोठी चिवट बाई. तिने मला दहा वेळा फोन लावून पाहिला. दहाही वेळा मी शहाण्यासारखा वाजलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "काका, याला काही झालेलं नाही हो," ती म्हणाली. "माझ्याकडे आला की गपगुमान वागतो."

का वागत होतो, सांगू? पाहुणे यायच्या आधी आपण घरातला पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसे काका दुकानाच्या अलीकडच्या वळणावर थांबून भिंग काढून टाकत. परक्या बाईने ते पाहू नये म्हणून. आणि परत जाताना त्याच वळणावर पुन्हा बसवत. दुखणे घरी ठेवून रोगी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरने काय करावे?

एकदा शाफ्टमध्ये भिंगातून आकडा वाचत असताना फोन आला, मी बंद पडलो, आणि काकांनी अंदाजाने तार बसवली. आठची तार तीनच्या जागी. सगळे दोनदा तपासायच्या सवयीमुळे ती चूक सापडली. काकांच्या हातांना सुटलेला घाम माझ्या काचेवर उमटला होता. त्या दिवसापासून मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी लागली.

त्यानंतर चारच दिवसांनी एक निवृत्त शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या. पट्टीवरचा नंबर पाहून त्यांनी फोन लावला. मी एकदा वाजलो आणि काळा झालो. उठलो, पुन्हा वाजलो, पुन्हा काळा. काका मला हलवत होते, चापट्या मारत होते. शेवटी इमारतीचा रखवालदार धापा टाकत घरी आला तेव्हा कुठे पत्ता लागला. दार उघडले तेव्हा दीड तास झाला होता. बाई जिन्याच्या पायरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तेरा वेळा लावला मी. मोजत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं."

काकांना मान वर करवेना. "या फोनने दगा दिला हो," ते म्हणाले.

सहा वर्षांत मला एवढे कधी लागले नव्हते. जमिनीवर पडून तडा गेला तेव्हासुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या पायरीवर अनुभवले.

घरी लेकीने ठरवले की सोमवारी नवा फोन, आणि मी भंगारात. नव्या फोनवरही काका ते भिंगच बसवणार होते, हे मला दिसत होते. पण काकूंना भंगार हा शब्द आवडत नाही. "लेकीच्या लग्नाचे फोटो काढलेत त्याने," त्या म्हणाल्या. "शेवटचं एकदा दाखवू." आणि या खेपेला त्या बरोबर आल्या.

दुरुस्तीवालीने यावेळी वेगळी युक्ती केली. तिने मला सेफ मोडमध्ये सुरू केले. त्यात मी फक्त माझ्याबरोबर जन्मलेली कामे करतो. बाहेरून आणून बसवलेली सगळी ॲप झोपून राहतात. "दोन दिवस घरी असाच वापरा," ती म्हणाली, "आणि काही काढू नका, घालू नका."

ते दोन दिवस मी एकदाही बंद पडलो नाही. अकरा फोन आले, अकराही पोचले. पण काकांचे हाल झाले. भिंग चालेना, त्यामुळे एकही निरोप वाचता येईना. ते मला कधी लांब धरत, कधी नाकाशी. शेवटी काकूंना म्हणाले, "अगं, वाच जरा, माझा हात ओला आहे." हात कोरडा ठक्क होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका कितीतरी वेळ मला तळहातावर घेऊन बसले. त्यांना कळले होते. तीस वर्षे बिघाड शोधलेल्या माणसाला न कळून कसे चालेल? तरीही दुकानाला जाताना वळणावर ते बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहिले, मला पुन्हा साधे सुरू केले आणि भिंग काढून टाकले. मित्रांनो, मी तेव्हा फार थकलो होतो. वाटले, जाऊ दे, भंगारात निदान शांतता असेल.

"म्हणजे फोन निर्दोष आहे," दुरुस्तीवाली हिशेब मांडत म्हणाली. "बाहेरचं एखादं ॲप याला छळतंय." तिने यादी उघडली. पाच ॲप होती. एकेक काढून, प्रत्येक वेळी फोन लावून तिने पाहिले. एकात एक नाही, सुटे सुटे, अगदी काकांच्या पद्धतीने. पाचही निर्दोष निघाली. तिने मला टेबलावर ठेवले आणि काकांकडे पाहिले.

"काका, हा माझ्याकडे बरा असतो आणि तुमच्याकडे आजारी पडतो. मधे काय बदलतं?"

"काहीच नाही," काका म्हणाले.

ते वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. काकूंनीही ते त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकले होते, म्हणून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, काहीच नाही असं कधीच नसतं ना?"

काकांनी खिशातून वही काढली. बरीच पाने मागे उलटली, एका पानावर बोट ठेवले आणि वही काकूंच्या हातात दिली. काकूंनी वाचले. दीड वर्षापूर्वीची तारीख, एका इमारतीचे नाव, आणि 'काय बदलले' या रकान्यात काकांच्या अक्षरात: 'लिफ्टमध्ये काही नाही. मला तीन आणि आठ सारखेच दिसले.'

माणूस सगळ्या जगापासून लपवत होता, पण वहीशी खोटे बोलला नव्हता.

काकूंनी वही मिटली. त्यांचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "दीड वर्ष? दीड वर्ष तुम्ही त्या अंधारात असे चढत होता? मला नाही सांगावंसं वाटलं?"

"तू चढू दिलं नसतंस," काका म्हणाले.

"नसतंच दिलं!"

दुरुस्तीवालीने मान खाली घालून उगाच एक स्क्रू साफ केला. मग काकांनीच भिंग पुन्हा उतरवून घेतले आणि तिच्यापुढे धरले. तिने फोन लावला. मी एकदा वाजलो आणि काळा झालो. माझा आजार असा भरदिवसा, चारचौघांत दिसला, आणि मला इतके हलके वाटले की काय सांगू. तिने भिंग कायमचे काढले. माझी अक्षरे सर्वांत मोठी केली. आता माझ्या पडद्यावर जेमतेम चार शब्द मावतात आणि बसमधल्या मागच्या माणसालाही काकांचे निरोप वाचता येतात. वाचू देत.

त्याच आठवड्यात काका त्या शिक्षिकाबाईंच्या दारात जाऊन म्हणाले, "दगा फोनने नव्हता दिला." बाईंनी त्यांना आत बोलावले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रिया व्हायची आहे. तोवर शाफ्टमध्ये दुसरा मेकॅनिक उतरतो, आणि काका खाली स्टुलावर बसून त्याला विचारतात, "काय बदललं?" पुन्हा चढायला मिळेल की नाही, हे कोणी सांगितलेले नाही.

मी अजून त्यांच्या खिशात आहे, वहीच्या शेजारी. फार दिवस राहीन असे वाटत नाही. मित्रांनो, एवढेच मागणे आहे: तुमचा फोन अडला तर त्याला आपटण्याआधी, भंगारात टाकण्याआधी, एकेक गोष्ट बदलून पाहा. आणि तुमच्या घरात कोणी निरोप दुसऱ्याकडून वाचून घेऊ लागले, तर त्यांचा हात खरेच ओला आहे का, तेही पाहा.

दुकानातून परतल्यावर काकांनी वहीत नवी नोंद केली होती. ती मी वाचली, कारण लिहिताना उजेड मीच धरला होता. 'काय बदलले' या रकान्यात लिहिले होते: 'भिंग काढले. घरी सांगितले. फोन बरा आहे. माणूस दुरुस्तीला दिला आहे.'