लाल चिंधीचा पंप

कामिनी सासूला घाबरते हे कळसाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मीनाबाईला कोण घाबरत नसे? तिच्या दारात आला की दूधवाला मापावर माप जास्त घालायचा आणि वर हसायचाही. पण मीनाबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सुरतेला लेकीकडे गेली, तेव्हा कामिनीला कळलं की सासू घरात असतानाची भीती म्हणजे काहीच नव्हे. खरी भीती ती मागे ठेवून गेली होती. अंगणात, एका कुंडीत, हातभर उंचीची.

कुंडीत गुलाबाचं एक रोप होतं. बाजारातलं नव्हे, मीनाबाईने स्वतः जन्माला घातलेलं.

मीनाबाईचं माहेर तापीकाठचं. उकाई धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते गाव बुडालं. मीनाबाई परकरात होती. लोकांनी घरांची दारं काढून आणली, देव आणले. तिच्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळून गुलाबाची फांदी आणली. साधा देशी गुलाब, दुपारपर्यंत पाकळ्या गळणारा, पण वास गल्लीच्या तोंडाशी यायचा. आई गेली, तिचं झाडही गेलं. त्याची लग्नात आणलेली फांदी मात्र कळसाडीच्या अंगणात चांगली डेरेदार झाली.

मग साठी उलटल्यावर मीनाबाईला नाद लागला. नंदुरबारहून तिने एक पिवळा गुलाब आणला. झाड देखणं, फूल मोठं, वास मात्र नावालाही नाही. "ह्यानं रूप आनि मन्ही मायना गुलाबना वास, आसं पोर पायजे माले," असं तिने जाहीर केलं आणि कामाला लागली. देशी गुलाबाची अर्धी उमललेली कळी घ्यायची, तिच्या पाकळ्या सोलायच्या, आतले पिवळे केसर चिमट्याने एकूण एक उपटायचे, मग कापसाच्या बोळ्याने पिवळ्या गुलाबाचे पराग लावायचे आणि वर कागदाची पिशवी बांधायची. गाव हसलं. म्हातारी फुलांची लग्नं लावते म्हणाले. लग्नं पुष्कळ लागली, पण संसार एकच टिकला. बोराएवढं एक फळ पिकून केशरी झालं. त्यातल्या बिया ओल्या वाळूत घालून, डबीत बंद करून, फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी बसवल्या.

त्याच उन्हाळ्यात देशी गुलाब वाळला. मीनाबाईने वर पोती बांधली, त्याच्या फांद्या लावून पाहिल्या. एकही जगली नाही. म्हणजे त्या बुडालेल्या गावाचं आता जे काही उरलं होतं ते फ्रिजमध्ये होतं. दसऱ्यानंतर बिया पेरल्या. तीन उगवल्या, दोन माना टाकून गेल्या, एक राहिली.

थंडी सरता सरता त्या एका रोपाला कळी आली, आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरची तारीख. निघायच्या सकाळी गाडी दारात भोंगा वाजवत होती तरी मीनाबाई रोपाला काठीचा आधार बांधत बसली होती. मातीचे हात तसेच पुसत उठली आणि कामिनीला म्हणाली, "पानी दे. भुरी उनी त ताक मारजो. दुसरा काही कराना नही. हात नको लावू."

कामिनीने मान हलवली. तेवढं तिला चांगलं जमायचं.

भुरी आलीच. एका सकाळी कोवळ्या पानांवर पिठासारखा पांढरा थर दिसला. कामिनीने ताक पातळ केलं, गाळलं, फवारायच्या छोट्या बाटलीत भरलं; पण बाटलीची चोच आदल्या वेळच्या ताकाने बुजून गेली होती. सुई घातली, फुंकर मारली, काही उपयोग नाही. मग ती गोठ्याकडच्या पडवीत गेली. तिथे खुंटीला फवारणीचा पंप लटकत होता.

या घरात पंप दोन होते. दोन्ही निळे, सारखेच, पाठीवर घ्यायचे. एक किडीच्या औषधाचा आणि एक उसातल्या तणनाशकाचा. घोटाळा होऊ नये म्हणून तणनाशकाच्या पंपाच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली असायची. हा कायदाही मीनाबाईचाच. गावात झिपरूच्या कापसावर एकदा शेजारच्या उसातून तणनाशकाचा नुसता वारा आला होता. कापसाची पानं दोरीसारखी वळली, अरुंद झाली, पीक ओळखू येईना. झिपरू आणि तो ऊसवाला भाऊबंद असूनही अजून एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. तेव्हापासून लाल चिंधी दिसली की या घरातलं कुणी त्या पंपाला बोट लावत नसे.

खुंटीवरच्या पंपाला चिंधी नव्हती. कामिनीने दोनदा पाहिलं. मग निर्धास्तपणे ताक ओतलं आणि रोप नखशिखान्त न्हाऊ घातलं. वर स्वतःवर खूशही झाली.

दुपारी भूपेंद्र, तिचा नवरा, शेतातून आला. पाठीवर दुसरा पंप. तो पडवीत गेला आणि तिथूनच ओरडला, "हाऊ पंप कोनी काढा?"

"मी. ताक माराले."

"कोठे?"

"आत्याबाईना रोपले."

भूपेंद्र बाहेर आला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "आगो, हाऊ ऊसना पंप शे! काल तणनाशक मारेल शे याम्हा. धोयेल बी नही."

"पन चिंधी नव्हती!"

"पडी गयी व्हई," तो म्हणाला आणि मटकन ओट्यावर बसला. "माय माले जित्ता सोडनार नही."

कामिनी तशीच उठली.  बादल्यांवर बादल्या पाणी आणून तिने पान न् पान धुतलं, कुंडीतली वरची माती खरवडून फेकली. ताकाचा आंबट वास गेला आणि त्याच्याखालचा दुसरा, औषधाचा उग्र वास राहिला. तो तिच्या नाकातून रात्री जेवतानाही जाईना. विष आत गेलं की नाही, हे पान पाहून लगेच कळत नाही. वाट पाहावी लागते. झिपरूच्या शेतातली ती वळलेली पानं तिला डोळे मिटले तरी दिसत होती.

संध्याकाळी फोन वाजला. मीनाबाई रोज फोन करायची. गुडघ्याबद्दल कुणी विचारलेलं तिला आवडत नसे.

"कसं शे मन्हं पोर?"

"चांगलं शे, आत्याबाई."

"कळी?"

"कळी बी शे."

"दखाड माले. व्हिडिओ लाव."

"नेटवर्क नही, आत्याबाई," कामिनी म्हणाली आणि फोन ठेवून तोंडाला पदर लावून रडली. सासूशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. धाडसच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपाचा शेंडा वाकला होता. कळीची मान कुणीतरी हळूच पिरगाळल्यासारखी झाली होती, वरची दोन पानं कडेने आत वळत होती. खालची पानं मात्र अजून सरळ होती. "शेंडाथीन खाले उतरी ते," भूपेंद्र म्हणाला. "आते काही व्हनार नही. तिले सांगू, उन्हथीन गयं." मोटारीची वीज आली होती, म्हणून तो उसाला पाणी द्यायला निघून गेला. खरं तर त्याला तिथे थांबायचं नव्हतं.

कामिनी कुंडीपुढे बसून राहिली. आत उतरणार, मुळापर्यंत जाणार, आणि मग उन्हाने गेलं म्हणायचं. सोपं होतं. पण खालच्या सरळ पानांच्या बगलेत हिरवे टिचभर डोळे होते. मीनाबाई रानगुलाबाच्या खुंटाच्या सालीत असे डोळे भरून कलम करायची, ते कामिनीने भांडी घासता घासता किती वेळा पाहिलं होतं. ते आत्ताच काढले तर? आणि काढून लागले नाहीत तर? मग रोप विषाने मेलं असं कुणी म्हणणार नव्हतं. सुनेने कापलं असं सगळे म्हणणार होते.

तिने फोन उचलला. पहिल्यांदा तो भलतीकडेच लागला. दुसऱ्यांदा मीनाबाई आली, व्हिडिओवर, उशाला टेकलेली.

"आत्याबाई, मन्हा हातथीन चूक व्हयनी," कामिनी म्हणाली, आणि थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून सगळं एका दमात सांगून टाकलं.

मीनाबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुले पानी दे सांगेल व्हतं," ती म्हणाली, "आनि तू जहर दिधं. मन्ही मायनी तेवढीच निशानी व्हती."

कामिनीला वाटलं, आता धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण मीनाबाईचा आवाज पुन्हा आला, कामाचा, कोरडा. "खालना पानं सरळ शेत?"

"शेत."

"मंग रडू नको. भीतना जोडे रानगुलाबना खुंट शेत ते आन. चाकू गरम पानीमा धोई ले. फोन तांब्याले टेकाड, माले दिसाले पायजे."

"मी कधी डोया भरेल नही, आत्याबाई."

"पयल्या येळना पयले मी बी भरेल नव्हता."

खुंट आले, चाकू आला. "पयले चिंधी सोड, काठी काढ," मीनाबाई म्हणाली. रोपाला काठीशी बांधणारी ती चिंधी चिखलाने बरबटलेली होती. कालच्या धुण्यात माती अर्धवट गेली होती, पण काल कामिनीला दिसत कुठे होतं काही! गाठ मीनाबाईची, दुहेरी, दात लावल्याशिवाय न सुटणारी. कामिनीने दात लावला आणि तोंड कडू झालं. तोच उग्र वास. तिने गाठ सोडली. घडीच्या आतला भाग लालभडक होता.

ती चिंधी हातात धरून तशीच बसली. 

"ती मन्हाकडे धर," मीनाबाई म्हणाली.

कामिनीने धरली. पडद्यावरचा सासूचा चेहरा हळूहळू बदलला. नाक, हनुवटी, सगळं होतं तिथेच होतं, पण त्यातली मीनाबाई कुठेतरी गेली आणि एक म्हातारी बाई मागे राहिली. "गाडी उभी व्हती," ती पुटपुटली. "मऊ कापड सापडे ना. मीच पंपथीन सोडी ती. मन्हं मीच..."

कामिनीला राग यायला हवा होता. कालपासून ती जिवंतपणी मरत होती. पण वेळ रागाला नव्हता. शेंडा तिच्या डोळ्यांदेखत वाकत होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पयले कोनता खुंट लेऊ?"

मीनाबाईने डोळे पुसले. "जाड शे तो," ती म्हणाली.

आधी कळी कापायची होती. कोणत्या रंगाची होणार होती ते आता कधीच कळणार नव्हतं. मीनाबाईने मान फिरवली आणि "काप" म्हणाली. मग खुंटाच्या सालीला आडवी आणि उभी चीर, साल हलकेच उचलायची, डोळा आत सरकवायचा, वर प्लास्टिकची पट्टी. पहिला डोळा कामिनीच्या घामाने निसटला, मातीत पडला, गेला. सुरतेहून शिवी आली नाही. उरलेले तीन तिने तीन खुंटांवर भरले.

संध्याकाळी भूपेंद्र आला तेव्हा लाल चिंधी धुऊन पुन्हा पंपाच्या दांड्याला बांधलेली होती. "कोठे सापडी?" त्याने विचारलं. "अठेच पडेल व्हती," कामिनी म्हणाली.

रोप आठवडाभरात दोरीसारखं पिळवटून काळं पडलं. खुंटांवरचा एक डोळा वाळला. दुसराही वाळला. तिसऱ्याकडे कामिनी सकाळी श्वास रोखून जायची आणि संध्याकाळीही श्वास रोखूनच जायची. तो हिरवा राहिला, मग फुगला. त्याने भीती कमी झाली नाही, वाढली. विष त्याच्या आत असेल तर पहिलं पान वळूनच येणार होतं.

मीनाबाई वॉकर टेकत घरी परतली, त्या दिवशी ते पान नुकतंच उघडलं होतं. ती आत गेलीच नाही, तशीच अंगणात आली. भूपेंद्र घाईने म्हणाला, "माय, हिले काही नको म्हनू. चिंधी पडी गयेल व्हती."

"पडेल नव्हती," मीनाबाई म्हणाली. "मी सोडेल व्हती."

भूपेंद्र आईकडे बघतच राहिला. या घरात असलं वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं.

मीनाबाई खुंटापुढे वाकली, गुडघा न वाकवता वाकता येईल तेवढी. पान करंगळीच्या नखाएवढं होतं, तांबूस, कडेला बारीक दाते. सरळ होतं. कामिनीने पाण्याचा तांब्या भरून सासूपुढे धरला. नव्या पानाचं पहिलं पाणी तिनेच घालावं, तिचं पोर होतं.

मीनाबाईने हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला.

"तूच दे, पोरी," ती म्हणाली. "माले भेव वाटस."